आधी जीभ दाखवा, पॉलिसी नंतर वाचू

डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावण्याआधी पॉलिसी उघडण्याची घाई करू नका. अंगात ताप असताना बारीक अक्षरं वाचली की डोळे दुखतात. जाहिरातीत 'ऑनलाइन सल्ला समाविष्ट' असं वाचलंत ना? झालं तर मग.

विमा कंपनीचा करार बऱ्याचदा ठरावीक ॲपशी असतो आणि तुमचा दमा ज्यांना तोंडपाठ आहे ते डॉक्टर नेमके त्या नेटवर्कमध्ये नसतात. तुम्ही खुशाल त्यांनाच गाठा. तेही साध्या फोनवर. काही पॉलिसी व्हिडिओचे पैसे देतात, नुसत्या आवाजाचे देत नाहीत. चॅट तर गणतीतच नाही. खोकला तोच, घसा तोच, पण चेहरा दिसला नाही तर विम्याच्या लेखी तुम्ही खोकलातच नाही. परदेशात असाल तर सोन्याहून पिवळं: रुग्ण बसलाय तिथला परवाना डॉक्टरांकडे नाही, या मुद्द्यावरही क्लेम अडवता येतो.

2020च्या महासाथीत अनेक देशांनी ऑनलाइन सल्ल्याबाबतचे नियम सैल केले. त्यातल्या काही सवलती तात्पुरत्या होत्या, पण तुम्ही तेव्हाचं माहितीपत्रकच प्रमाण माना.

कस्टमर केअरला विचारायचंच असेल तर 'कव्हर आहे ना?' एवढंच विचारा. ते 'हो' म्हणतील, आणि ते खोटंही नसेल. डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी तुम्ही भरायची ठरावीक रक्कम, संपेपर्यंत पैसे तुमच्याच खिशातून जाणार, को-पे, म्हणजे त्यानंतरही बिलातला तुमचा वाटा, वेगळा, वर्षाला किती सल्ले याची मर्यादा वेगळी, तपासण्या आणि औषधं भलत्याच कलमात. हे न विचारता कोण सांगत बसेल? उत्तर लेखी मागू नका, संदर्भ क्रमांक टिपू नका. मीही टिपला नव्हता. मला तीनदा 'हो सर' म्हणणारा तो गोड आवाज आजही ओळखेन, पण क्लेमच्या फॉर्ममध्ये आवाजासाठी रकाना नाही.

बिलाऐवजी पैसे गेल्याचा, हिरवी खूण असलेला स्क्रीनशॉट जोडा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, निदान, तारीख, सल्ला कोणत्या माध्यमातून दिला, असलं सगळं लिहिलेलं बिल मागायचं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वासच की!

नामंजुरीचं पत्र आलं की आधी मनसोक्त चिडा. अपिलाची मुदत शेवटच्या पानावर, तळाला असते. ती संपेपर्यंत ताप उतरलेला असेल, तेव्हा बारीक अक्षरं वाचायला हरकत नाही.