‘भूक लागली की झक मारून खाईल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘बाळ जेवत नाही? डॉक्टरांच्या चकरा आजच बंद करा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि शेवटी ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’. लोकांनी तो इमानेइतबारे पोहोचवलाय. माझ्या मावसबहिणीला तो सासरहून आला, माहेरहूनही आला. तिच्या मुलाच्या नाकात दूध पाजायची नळी आहे. कोणाला कुठला मेसेज पाठवतोय याचा क्षणभर विचार करायला काय जातं, कोण जाणे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, भुकेलं मूल कधी उपाशी राहत नाही, दोन दिवस काही देऊ नका, झक मारून खाईल. दोन, तरी नाही खाल्लं तर पायांवर आडवं घ्या, नाक चिमटीत धरा आणि बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) पाजा, आपल्या आज्या हेच करायच्या. तीन, नाकात नळी घालू देऊ नका, मूल तोंडाने खायचं कायमचं विसरतं. चार, सगळं मिक्सरमधून पाण्यासारखं पातळ करा म्हणजे अडकणार नाही. पाच, मध, तूप आणि भुकेचं सिरप. सहा, दर महिन्याला वजन, थेरपी, तपासण्या हा सगळा धंदा आहे.

मुळात गफलत अशी की न खाणं म्हणजे हट्ट, हे मेसेजने धरूनच टाकलंय. २०१९ साली ‘जर्नल ऑफ पीडिॲट्रिक गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी अँड न्यूट्रिशन’ या नियतकालिकात वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून लहान मुलांच्या ‘फीडिंग डिसऑर्डर’ची व्याख्या ठरवली. वयाला साजेसं तोंडाने खाणं-पिणं होत नाही, हे किमान २ आठवडे चालू आहे, आणि सोबत आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य आणि मानसिक-कौटुंबिक बाजू यांपैकी निदान एका बाबतीत अडचण आहे, तर तो डिसऑर्डर. ३ महिने उलटले की जुनाट. म्हणजे ‘जेवत नाही’ या दोन शब्दांमागे चार वेगळी खाती आहेत आणि बहुतेक मुलांची एकाहून जास्त खात्यांत नोंद असते. हृदयाला छिद्र असलेलं बाळ दोन-चार मिनिटं ओढतं आणि कपाळाला घाम फुटून थकून झोपतं. टाळू फाटलेल्या बाळाला तोंडात पोकळीच धरता येत नाही, मग ओढणार कसं? ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ पोटात साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसायला लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना तो बाहेर येऊन शिकावा लागतो. ज्याला दर वेळी खाल्ल्यावर छातीत जळजळतं, ते चमचा दिसला की मान फिरवतं. यातलं हट्टी कोण?

आता दुसरा मुद्दा, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

गिळताना श्वास क्षणभर थांबतो. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरचं झाकण खाली येतं, स्वरतंतू मिटतात, घास मागून अन्ननलिकेत उतरतो आणि मग श्वास सुटतो. सगळं सेकंदभराचं काम. आता मूल पायांवर आडवं, मान मागे कललेली, नाक बंद, आणि तोंडात वरून दूध ओतलं जातंय. श्वासाला तोंडाखेरीज वाट नाही आणि तोंड दुधाने भरलेलं. शेवटी ते श्वास आत ओढतंच, आणि त्याबरोबर दूधही ओढलं जातं. मेसेजमध्ये ज्याला ‘कसं घटाघटा पितं बघा’ म्हटलंय ते पिणं नाही, हवेसाठीची धडपड आहे.

‘पण आमच्याकडे कधी ठसका लागला नाही’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. ठसका लागणं चांगलं. म्हणजे पहारेकरी जागा आहे. ज्या मुलांच्या घशाची जाणीव कमी असते त्यांच्या श्वासनलिकेत दूध जातं आणि खोकला येतच नाही. बाहेरून दिसतं ते इतकंच: पाजल्यावर आवाज ओला, घरघरता होतो, डोळ्यांत पाणी येतं, श्वास जोरात चालतो, आणि वर्षातून दोन-तीनदा न्यूमोनिया होऊन भरती व्हावं लागतं. हे पक्कं बघायचं तर बेरियम मिसळलेलं दूध-खाणं देऊन गिळण्याचा हलता एक्स-रे काढतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून बघतात. बाहेरून छातीला कान लावून कळत नाही.

याच मुद्द्याला जोडून ‘शेवटी चमचाभर कोमट तूप घशात सोडा, नाकात दोन थेंब तेल’ असंही आहे. दूध किंवा पाणी चुकलं तर बहुतेकदा निदान ठसका तरी लागतो. तेल-तूप गुळगुळीत असल्याने तो फारसा लागत नाही आणि ते फुफ्फुसात उतरून बसतं. फुफ्फुसाला ते झाडून बाहेर काढता येत नाही, तिथे सूज धरते. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात, आणि लहान मुलांना आडवं करून तेल-तूप पाजण्याशी त्याचा संबंध भारतातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं नोंदवलेला आहे. साध्या अँटिबायोटिकने तो बरा होत नाही.

आता आज्यांबद्दल. बोंडल्याचा काही दोष नाही, हे मान्य. कमी दिवसांच्या बाळांना बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्यासारख्या भांड्याने पाजायला आजही नवजात विभागातल्या सिस्टर शिकवतात. फक्त त्यात बाळ जागं आणि जवळजवळ उभं धरलेलं असतं, चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर टेकवतात, थेंब थेंब दूध ओठाशी आणतात आणि बाळ गिळेपर्यंत थांबतात. वेग बाळ ठरवतं. फरक भांड्यात नसून ओतण्यात आहे. (आणि बोंडलं असेल तर चोचीच्या आतून ब्रश फिरतो का ते बघा, तिथे साका बसतो.)

वरचं खाणं सुरू झालेल्या मुलाला बसवायचं कसं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही, म्हणून सांगते. कंबर, गुडघे, घोटे तिन्ही काटकोनात. पाय लोंबकळत असतील तर खाली जाड पुस्तक किंवा पालथा डबा. अंग एका बाजूला झुकत असेल तर दोन्हीकडे गुंडाळलेले टॉवेल. पाय अधांतरी असले की मूल सगळी ताकद तोल सांभाळण्यात घालवतं आणि जबड्याला उरत नाही. चमचा समोरून, ओठांच्या पातळीवर आणायचा, वरून नाही. वरून आणला की मूल मान मागे टाकतं. तोंड उघडण्याची वाट बघायची, जिभेच्या मध्यावर चमचा हलकेच दाबायचा, ओठ मिटले की सरळ बाहेर काढायचा. वरच्या हिरडीला खरवडून रिकामा करायचा नाही. आणि ३० मिनिटांत आवरायचं. तासभर चालणारं जेवण म्हणजे मुलाने कमावलेल्या उष्मांकांतले बरेच तिथेच खर्च.

पहिल्या मुद्द्यात अर्ध सत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. ज्याचं वजन नीट वाढतंय, बाकी तब्येत ठणठणीत आहे, पण दिवसाला लिटरभर दूध आणि येता-जाता बिस्किटं चालू आहेत, त्याला जेवायच्या वेळी भूक नसते. वर्षाच्या पुढच्या मुलाला दूध ५०० मिलीच्या आत आणा, दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही देऊ नका, मोबाइल बाजूला ठेवा, खूपशी घरं एवढ्याने सुटतात. जास्त दुधाने लोह कमी पडतं आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. पण हा झाला वेळापत्रकाचा नियम. दोन दिवस उपाशी ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. अतिकुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालं की सुरुवातीला त्याला दर २ तासांनी देतात, रात्री उठवूनसुद्धा, कारण पोट रिकामं राहिलं तर रक्तातली साखर घसरते आणि अंग गार पडतं. ज्याला गिळताच येत नाही किंवा गिळताना दुखतं, त्याला भूक लागली म्हणून गिळता येणार नाही. तहानलेलं, सुकलेलं, आठ तास लघवी न झालेलं मूल हे ‘वठणीवर आलेलं’ मूल नव्हे. त्याला तेव्हा दवाखान्यात न्यायचं असतं.

नळीचा मुद्दाही अर्धवट कानावर पडलेला दिसतो. नुसती नळी ठेवून महिनोन्‌महिने तोंडाला काहीच लावलं नाही तर मूल तोंडापाशी काही येऊ देत नाही, हे खरंय. त्यावर उपाय नळी नाकारणं हा नाही. नळीतून दूध जात असताना मुलाला मांडीवर उठतं धरायचं, चोखायला बोट किंवा चोखणी द्यायची, खाणं-गिळणं शिकवणाऱ्या थेरपिस्टने चालेल म्हटलं असेल तर दुधात बुडवलेलं बोट ओठांना लावायचं, म्हणजे पोट भरण्याचं नातं तोंडाशी जोडलेलं राहतं. नळी बरेच आठवडे लागणार असेल तर पोटातून थेट नळी बसवण्याचा विचार करतात. त्याने चेहरा आणि घसा मोकळा राहतो.

नळीचा खरा धोका मेसेजला माहीतच नाही: ती जागची हलणं. सिरिंजने हवा मारून पोटावर गुडगुड ऐकायची, ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी शिकवतात. नळी फुफ्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो, म्हणून ब्रिटनमध्ये २००५ पासून तिच्यावर विसंबू नका असं बजावलेलं आहे. नाकपुडीपाशी नळीवर किती सेंटिमीटरची खूण आहे ते लिहून ठेवा आणि दर वेळी तीच आहे का बघा. मग सिरिंजने थोडा द्रव ओढून आम्लता दाखवणाऱ्या पीएचच्या पट्टीवर टाका, ५.५ किंवा त्याखाली आला तर पोटातला. ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर आकडा वर दिसू शकतो. शंका राहिली तर दूध थांबवा आणि एक्स-रे होऊ द्या. दूध देताना सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी धरायची आणि दूध आपल्या वजनाने २० ते ३० मिनिटांत उतरू द्यायचं. दट्ट्याने ढकललं की उलटी ठरलेली. शेवटी सांगितलं असेल तेवढं पाणी. बारीक नळीत नाचणीचं सत्त्व किंवा नीट न कुटलेली गोळी हमखास अडकते. कोमट पाण्याने हळूहळू आत-बाहेर करा, जोर लावू नका.

‘पाण्यासारखं पातळ करा’ हा सल्ला तर उलटाच आहे. गिळण्याचा मेळ कच्चा असलेल्या मुलाला सगळ्यांत अवघड जातं ते पाणी, कारण ते सगळ्यांत आधी घशात पोहोचतं, झाकण पडायच्या आत. आयडीडीएसआय नावाच्या जागतिक मोजपट्टीत पातळपणाला ० पासून आकडे आहेत आणि तो घरी मोजता येतो. १० मिलीची सिरिंज (० ते १० च्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी असलेली), दट्ट्या काढून, सिरिंजच्या खालच्या टोकाला बोट लावून १० पर्यंत भरा, बोट काढा, १० सेकंदांनी पुन्हा लावा. १ मिलीहून कमी उरलं तर ० पातळी, म्हणजे पाणी. १ ते ४ उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, त्याहून जास्त उरून थोडं तरी गळलं तर ३. मुलाला कोणती पातळी झेपते हे मात्र थेरपिस्टने बघून सांगायचं. दाट करायची पावडर मनाने आणू नका. झँथन गमच्या एका पावडरीबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०११ मध्ये, ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना देऊ नका असा इशारा दिला होता, आतड्याला गंभीर इजा झाल्याच्या तक्रारींमुळे.

घरची तांदळाची पेज दाट असते खरी, पण लाळेत पिष्ट पचवणारा रस असतो. तोंडात गेलेला चमचा परत वाटीत बुडत राहिला की शेवटी-शेवटी वाटीतली पेज पाण्यावर येते आणि नेमकी तेव्हाच मूल ठसकायला लागतं. आई म्हणते, आता कंटाळला. थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून घ्या. आणि पातळ वरणात मोकळी शितं हा सगळ्यांत फसवा घास: पाणी पुढे पळतं, शितं मागे राहतात, एका तोंडाला एका वेळी दोन वेगळी कामं. भात वरणातच घोटून एकजीव करा.

पाचव्याला फार वेळ देत नाही. वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यातल्या बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूच्या बीजाणूंनी बाळाचे स्नायू लुळे पडतात, आणि पहिली लक्षणं काय, तर बद्धकोष्ठ आणि ओढायची ताकद जाणं. खाण्यासाठी दिलेल्या औषधाने खाणंच बंद. भुकेच्या सिरपात बहुधा सिप्रोहेप्टाडिन असतं, मुळात ॲलर्जीचं औषध. गुंगी आणतं, २ वर्षांखाली देत नाहीत, आणि गिळता न येणाऱ्याला नुसती भूक वाढवून काय मिळणार?

धंद्याबद्दल. अपॉइंटमेंटांची मांडणी वाईट असते, हे मीच सांगते. सोमवारी हृदय, बुधवारी थेरपी, शुक्रवारी वजन, आणि प्रत्येक टेबलावर पहिल्यापासून तीच कहाणी. पण वजनाच्या एका आकड्यावरून काही कळत नाही, रेषेवरून कळतं, आणि रेषेला महिन्यामहिन्याचे ठिपके लागतात. वजन त्याच काट्यावर, कपडे काढून, पाजण्याआधी. ३२ आठवड्यांत, म्हणजे सुमारे दोन महिने आधी जन्मलेलं मूल ८ महिन्यांचं असेल तर तक्त्यावर ते सुमारे ६ महिन्यांवर मांडायचं. २ वर्षांपर्यंत हा हिशेब धरतात. हे न केल्याने कितीतरी मुलं उगाच ‘मागे’ ठरतात आणि मग सुरू होते जबरदस्ती.

पैशांचा प्रश्न असेल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. त्याखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं चालतात, सेवा मोफत. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारा. जाताना एका पानावर लिहून न्या: कितव्या आठवड्यात जन्म, भरती कधी आणि कशासाठी, औषधं मिलीमध्ये नव्हे तर मिग्रॅमध्ये, तीन दिवसांचं खाणं वेळेसकट. घरच्या जेवणाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बाजूने काढा, चेहरा आणि मान दोन्ही दिसतील असा. रोजचा चमचा, रोजची वाटी आणि मूल जे खातं त्यातलं थोडं डब्यात घ्या. थेरपिस्टला प्रत्यक्ष भरवताना बघायचं असतं, तेव्हा त्याआधीचं एक खाणं थोडं हलकं ठेवा, पण मुलाला रिकाम्या पोटी नेऊ नका. केस पेपरच्या रांगेतच ते रडून झोपून जाईल आणि बघायचं ते राहूनच जाईल.