ऑल-स्टॉपचा मुद्दा राहून गेला
जीडीबी या डीबगरवरचा, म्हणजे चालत्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनावरचा लेख चांगला आहे, पण त्यातलं ‘ब्रेकपॉइंट लागला की तो थ्रेड थांबतो’ हे वाक्य नवख्या माणसाला गोत्यात आणेल. (ब्रेकपॉइंट म्हणजे कोडमध्ये थांबायची खूण, थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधलं स्वतंत्रपणे चालणारं एकेक काम.) जीडीबी मुळात ऑल-स्टॉप मोडमध्ये चालतो. ब्रेकपॉइंटवर एक थ्रेड अडकला की त्या प्रोसेसचे, म्हणजे चालू प्रोग्रॅमचे, सगळे थ्रेड थांबतात. वॉचडॉगला (हजेरी चुकली की बोर्ड रीसेट करणारा टायमर) वेळेवर हजेरी देणारा थ्रेडही त्यातच असेल, तर तुम्ही व्हेरिएबल बघेपर्यंत बोर्ड रीसेट! आम्ही बसतो वाळूजला अन् पंपाचा कंट्रोलर बोर्ड असतो औसा तालुक्यातल्या विहिरीवर, मोबाइल नेटवर्कने जोडलेला. तिथं बोर्ड रीसेट झाला की चालू पंप बंद पडतो. रात्रीच्या पाळीची लाईट असली तर शेतकऱ्याला अंधारात उठून विहिरीवर जावं लागतं. म्हणून हे लेखात यायलाच हवं होतं.

जीडीबी बोर्डला जोडण्याआधीच त्याला ‘सेट नॉन-स्टॉप ऑन’ ही कमांड द्यावी. मग अडकलेला थ्रेड तेवढा थांबतो, बाकीचे चालू राहतात. मात्र त्यानं म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) धरून ठेवला असेल तर त्याची वाट बघणारे खोळंबणारच, त्यामुळे क्रिटिकल सेक्शनच्या, म्हणजे ते कुलूप धरून चालणाऱ्या कोडच्या, आत ब्रेकपॉइंट नकोच.

अटीच्या, म्हणजे अट खरी ठरली तरच थांबवणाऱ्या, ब्रेकपॉइंटचंही बघा. अट लॅपटॉपवर तपासली जात असेल तर दर वेळी थ्रेड थांबतो, निरोप इकडे येतो अन् परत जातो. सारख्या चालणाऱ्या फंक्शनवर हे परवडत नाही. जीडीबीसर्व्हर, म्हणजे बोर्डवर चालणारा जीडीबीचा जोडीदार प्रोग्रॅम, ती अट बोर्डवरच तपासू शकतो. चालत्या पंपावर तर ब्रेकपॉइंटऐवजी डीप्रिंटएफ (त्या जागी थांबून न राहता हवा तो मजकूर छापणारी जीडीबीची सोय) वापरा, तेही एजंट स्टाइलनं, म्हणजे छापायचं काम बोर्डकडेच सोपवून.