पोस्टमॉर्टेम झालं होतं मामा, पण त्यात व्हायरसच दिसला होता

कोविडच्या पोस्टमॉर्टेमचा तो फॉरवर्ड परत आलाय. २०२० पासून अधूनमधून उगवतोच, पण ह्यावेळी आमच्या मामांनी तो नुसता पुढे ढकलला नाही, ताप-खोकला आल्यावर त्याप्रमाणे औषधच चालू केलं. मेडिकलमधनं अझिथ्रोमायसिन ह्या अँटीबायोटिकची पट्टी नि अ‍ॅस्पिरिन आणलं, चिठ्ठी कोणी विचारली पण नाही. त्यात अल्सरचा जुना त्रास, रिकाम्यापोटी गोळी, तिसऱ्या दिवशी शौचाला डांबरासारखी काळी झाली (म्हणजे पोटात रक्तस्राव) तेव्हा मामींचा फोन आला. आता बरे आहेत, माझं डोकं मात्र अजून तापलेलं आहे.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी: इटलीने डब्ल्यूएचओचा कायदा मोडून कोविडच्या मृतांचं पोस्टमॉर्टेम केलं, कळलं की हा व्हायरस नाहीच, ५जी रेडिएशनने पिसाळलेला बॅक्टेरिया आहे, त्याने रक्तात गुठळ्या होतात, म्हणून अँटीबायोटिक आणि अ‍ॅस्पिरिन घ्या, आयसीयू-व्हेंटिलेटरची गरजच नव्हती.

५जीचं आधी उरकतो. आपल्याकडे ५जी ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. दुसरी लाट २०२१ ची. झालं. आणि डब्ल्यूएचओला कुठल्या देशात पोस्टमॉर्टेमवर बंदी घालायचा अधिकारच नाही, उलट मार्च २०२० मध्ये त्यांनी मृतदेह कसे हाताळायचे ह्याच्या सूचना काढल्या त्यात पोस्टमॉर्टेम करताना काय काळजी घ्यायची तेही दिलंय.

आता मेन गोष्ट. इटलीत पोस्टमॉर्टेम खरंच झाली, मिलान आणि बर्गामोच्या हॉस्पिटलांत, ३८ जणांची, आणि ते सगळं लॅन्सेटच्या इन्फेक्शियस डिसीजेस जर्नलमध्ये २०२० लाच छापून आलंय, लपवलं कुणी? त्यात ३८ पैकी ३३ जणांच्या फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या सापडल्या. म्हणजे गुठळ्यांचं खरं आहे, मान्य, नाइलाजाने. पण त्याच डॉक्टरांनी तेच फुफ्फुस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवलं तेव्हा पेशींमध्ये काय दिसलं? व्हायरसचे कण! ज्या पोस्टमॉर्टेमचा दाखला देऊन व्हायरस नाही म्हणताय त्याच पोस्टमॉर्टेममध्ये तो दिसलाय. आणि इटली तरी कशाला, आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) मार्च २०२० मध्येच तो पेशंटच्या नमुन्यातनं वेगळा काढून वाढवला होता.

मग गुठळ्या होतात तर अ‍ॅस्पिरिन का नको? कारण ते करून बघितलंय. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये अ‍ॅडमिट असलेले जवळजवळ १५,००० पेशंट होते, अर्ध्यांना रोज अ‍ॅस्पिरिन, अर्ध्यांना नाही. २८ दिवसांत दोन्हीकडे १७ टक्के गेले. फरक शून्य. अ‍ॅस्पिरिनवाल्यांत गुठळ्या थोड्या कमी झाल्या, पण मोठा रक्तस्राव तेवढाच वाढला. मामांना वेगळं सांगायला नको.

अँटीबायोटिकचं म्हणाल तर व्हायरल न्यूमोनियाच्या मागोमाग बॅक्टेरियाही धरतो हे खरंय, १९१८ च्या साथीत बहुतेक माणसं त्यानेच गेली असं मानतात. पण कोविडच्या सुरवातीच्या २४ अभ्यासांची बेरीज केली तर बॅक्टेरिया निघाला जेमतेम ७ टक्के पेशंटांत आणि अँटीबायोटिक दिलेलं ७२ टक्क्यांना. म्हणजे डॉक्टरांचा पण हात सैलच होता.

व्हेंटिलेटरबद्दल, एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन बेडसाठी रात्र रात्र फोन फिरवलेल्या कुणालाही विचारा, मी काही लिहीत नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर मामांचा रिप्लाय, "मग माझा ताप तीन दिवसांत कसा उतरला?" अहो मामा, मामींना पण तोच ताप होता ना, त्यांचा पॅरासिटामॉलवर तीनच दिवसांत उतरला.