पाइप बदलेपर्यंत प्यायचं काय?

आमच्या कॉलेजच्या मित्रमंडळींनी यंदा गावाकडच्या एका वस्तीत घरोघरी पाण्याचे फिल्टर द्यायचं ठरवलं, साधे स्टीलचे, कँडलवाले, वीज लागत नाही असे, आणि पैसे जमायच्या आधीच वाद सुरू झाला. एक मित्र म्हणाला, नळाला चांगलं पाणी देणं हे सरकारचं काम आहे, आपण फिल्टर वाटले की पंचायत निवांत झोपणार, आणि जलजीवन मिशनचा नळ येतोच आहे ना. बऱ्याच जणांना ते पटलं. पूर्वी मलाही पटलं असतं. पण मी अमेरिकेत मिशिगनमध्ये राहते आणि इथून तासाभरावर फ्लिंट हे शहर आहे.

फ्लिंटमध्ये एप्रिल २०१४ ला पैसे वाचवायला म्हणून डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून त्यात जे रसायन घालायला हवं होतं ते घातलंच नाही. जुन्या पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरलं. लोक पिवळट पाण्याच्या बाटल्या घेऊन मीटिंगला जायचे आणि त्यांना सांगितलं जायचं की पाणी चांगलं आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. मोना हाना-अतीशा या तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे जाहीर केले तेव्हा कुठे चक्रं हलली. जगातल्या एवढ्या श्रीमंत देशातलं शहर, पण गरीब, आणि निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय. त्यांचं कोण ऐकतंय!

मग नळाला बसवायचे फिल्टर फुकट वाटायला सुरुवात झाली. २०१६ च्या हिवाळ्यात मीही दोन-तीन शनिवार मदतीला गेले होते. एका आजींच्या ओट्यावर फिल्टर खोक्यातच पडलेला, कारण त्यांच्या जुन्या नळाचे आटे झिजलेले आणि फिल्टर बसतच नव्हता, आणि विचारायचं कुणाला हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्याबरोबरच्या एका रिटायर्ड प्लंबरने आट्यांवर टेप गुंडाळली, अडॅप्टर लावला, दोनदा गळलं, तिसऱ्यांदा बसलं. फिल्टरवरचा छोटा हिरवा दिवा लागला. आजींनी ग्लास भरला, उजेडात धरून पाहिला, पण प्यायल्या नाहीत, आधी विचारलं की हा दिवा लाल झाला की नवीन कार्ट्रिज कोण आणून देणार? तो प्रश्न माझ्या अजून डोक्यात आहे.

तिथेही लोक हेच म्हणत होते की फिल्टर नको, पाइप बदला. बरोबरच होतं त्यांचं. ते कोर्टात गेले, मार्च २०१७ मध्ये शिशाचे पाइप बदलून द्यायचा समझोता झाला, तीन वर्षांत काम पूर्ण करायचं ठरलं. काम संपल्याचं राज्याने कोर्टाला कळवलं जुलै २०२५ मध्ये. जवळपास ११ हजार पाइप. पाणी बिघडलं त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर ११ वर्षांचं झालं होतं. ते मूल मधली वर्षं काय प्यायलं असतं? आणि फिल्टर घेतले म्हणून कुणी केस मागे घेतली नाही, उलट फिल्टर बसवून द्यायला आणि तपासायला घरोघरी माणसं गेली, तीही फ्लिंटमधलीच कामाला घेतलेली.

आता आपल्याकडे बघा. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ असं ठरलं होतं, आता २०२८ म्हणतात. आणि नळ आला तरी पाणी एक दिवसाआड येणार असेल तर ते साठवणार, साठवलं की त्यात तांब्या जाणार, तांब्याबरोबर बोटं जाणार. गावाच्या टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, नीट पडलेली असली तरी घरातल्या पिंपात पाणी पुन्हा खराब होतं. म्हणून मला त्या साध्या फिल्टरची तोटी फार महत्त्वाची वाटते, हात आत जातच नाही. फ्लिंटचा फिल्टर शिशासाठी होता, आपल्याला जास्त करून जंतूंसाठी हवाय, आणि त्यासाठी महागडा आरओ कशाला, जो पाणी वाया घालवतो आणि वीज गेली की बंद. कँडलही सगळंच अडवत नाही हेही खरं, विषाणू इतके बारीक की त्यातून जाऊ शकतात, म्हणून साथीच्या दिवसांत वर क्लोरीनचे थेंब किंवा उकळणं हवंच.

माझ्या आईकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी झाली की रोज दोन बाटल्या आईच्या फिल्टरच्या पाण्याने भरून नेतात, नातवासाठी. एवढंसं ते पोर, सारखं हगवणीने आजारी पडायचं, मग दवाखाना, मग मावशींचा खाडा, मग पगारात कपात. आपल्या घरातलं पोर असतं तर आपण नळाची वाट बघत बसलो असतो का हो? ज्या बाईचे चार दिवस दवाखान्यात जात नाहीत तीच ग्रामसभेत येऊन भांडू शकते.

म्हणून मी पैसे पाठवलेत, पण एका अटीवर. घरं थोडी कमी घ्या, पण दोन वर्षांच्या कँडलचे पैसे आधीच बाजूला ठेवा आणि वस्तीतल्याच एका बाईला महिन्याचा पगार देऊन घरोघरी पाठवा, ब्रश कसा मारायचा ते दाखवायला, कँडलला तडा गेलाय का बघायला, कारण तडा गेलेल्या कँडलमधून पाणी स्वच्छच दिसतं आणि जंतू मात्र थेट खाली उतरतात. आणि त्या मित्राचंही म्हणणं मी सोडलेलं नाही. पाण्याच्या सर्व्हेत धोका किती त्यावरून ग्रामपंचायतीला लाल (जास्त धोका), पिवळं (मध्यम) किंवा हिरवं (कमी) कार्ड मिळतं, आपल्या त्या पंचायतीला कुठलं मिळालंय आणि का, हे ग्रामसभेत लेखी विचारायला हवं. तो अर्ज तू लिही म्हणून त्याला सांगितलंय, आणि तो हो म्हणालाय.