पाण्यापसून उठा, पाव्हणं

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या ग्रुपवर एकानं टाकलं, "येडशीच्या जंगलात टेंट लावायचा का? रामलिंगच्या पुढं, ओढ्याच्या काठी. एकदम शांत जागा हाय." येडशी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं अभयारण्य. मिनिटभरात नऊ अंगठे. मी म्हणालो, नको. तेव्हापासून ग्रुपवर माझं नाव 'वनखात्याचा जावई' पडलंय. तिथं भांडत बसलो नाही, इथं सविस्तर लिहितो.

आधी माझंच पाप सांगतो. बारा वर्षांपूर्वी मी हेच केलंय. चौघं मित्र, फेब्रुवारी संपत आलेला, ओढा आटून त्याचा एक डोह तेवढा उरलेला. डोहापासून दहा पावलांवर तंबू ठोकला. तीन दगडांची चूल मांडली, आसपासचा वाळका फाटा ओढून आणला आणि मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर गाणी. आपण निसर्गाच्या कुशीत वगैरे आहोत असं वाटत होतं. सकाळी शेरडं घेऊन एक म्हातारबा आले. काठीवर हनुवटी टेकवून आमच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "पाण्यापसून उठा, पाव्हणं. तुमी रातभर हितं बसल्यावर त्यांनी कुठं प्यावं?"

त्यांनी म्हणजे कुणी, हे मला पुढं एका बुद्धपौर्णिमेला कळलं. उन्हाळ्यातल्या त्या पौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणी मोजतं, हौशी लोकांनाही बसू देतं. साडेनऊला झुडपात रानडुकरांची खुसफूस सुरू झाली. पिलं पुढं आली, आई मागं. तेवढ्यात आमच्यातल्या एकानं पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं. कर्रर्र. बस्स, तेवढंच. सगळं कुटुंब गडप. परत आलं ते तास-दीड तासानं. झाकणाच्या आवाजाला दीड तास, तर आमच्या त्या रातभरच्या गाण्यांना किती? उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या जंगलात पाण्याच्या जागा हातावर मोजण्याएवढ्या. त्यातली एक अडवून बसणं म्हणजे गावच्या एकुलत्या एक टँकरसमोर गाडी आडवी लावण्यासारखं आहे. टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसानं तरी हे करू नये.

आणि जंगल केवढं? येडशी रामलिंग घाट अभयारण्य सगळं मिळून सुमारे २२ चौरस किलोमीटर. ताडोबाचा व्याघ्रप्रकल्प १,७०० च्या वर जातो. म्हणजे ताडोबातला प्राणी तुम्हाला टाळून आत सरकू शकतो. इथला सरकला की डांबरी रस्त्यावर नाहीतर कुणाच्या तुरीत निघतो.

एवढ्याशा जंगलात डिसेंबर २०२४ मध्ये वाघ कॅमेऱ्यात आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर शेतं, रस्ते, नद्या ओलांडत चालत आलेला. त्याला थोडी निवांत झाडी हवी होती. आमच्या ग्रुपवरची पहिली प्रतिक्रिया काय? "चला, रात्री जाऊ बघायला!"

आता 'जबाबदारीनं कॅम्पिंग करू की' म्हणणाऱ्यांसाठी. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २७ नं मना आहे, मग तंबू तर लांबच. धोका होईल अशी आग पेटवण्यावर कलम ३० वेगळं. पण कायदा बाजूला ठेवा. मार्चमध्ये आपल्याकडचं रान बघितलंय का? पानगळीचा घोटाभर थर, वर कंबरेएवढं वाळलं कुसळी गवत. शेकोटीवर बाटलीभर पाणी ओतून 'विझली' म्हणणाऱ्यानं त्या राखेत हात घालून दाखवावा. खालची मुळं धुमसत राहतात, दुपारचा वारा सुटला की बाकीचं काम तो करतो.

त्याहून मला सलते ती लाकडाची गोष्ट. कडेच्या गावातली बाई चुलीसाठी मोळी बांधते तेव्हा तिला हटकतात, कोयता काढून घेतात. आणि आम्ही शहरातून गाडीनं येऊन तीच लाकडं गंमत म्हणून जाळतो, वर फोटोखाली बदाम घेतो. शिवाय ते वाळकं खोड रिकामं नसतं. वाळवी, सरडे, विंचू, पोकळीत एखादा पिंगळा, सगळ्यांचं बिऱ्हाड असतं.

परसाकडंचं लिहू का नको? लिहितोच. आपली आजी टमरेल घेऊन जायची, मागं काही उरायचं नाही. आता ओले वाइप्स उरतात. बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, दोन पावसाळे गेले तरी झुडपाला लोंबतात. वीतभर खड्डा करा, पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, माती ओढा, आणि वाइप्स पिशवीत घालून घरी न्या. लाजायचं काय त्यात.

मी तंबू सोडलेला नाही. जागा बदलली. मित्राचं शेत अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, मधे फक्त एक नाला. त्याच्या वडिलांना विचारून बांधाकडंला तंबू लावतो. शेकोटीची हौस असेल तर हुरड्याची आगटी आहेच, गोवऱ्यांची, मोकळ्या रानात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. फुरसं-घोणसाचा मुलूख आहे, म्हणून तंबूची चेन बंद आणि सकाळी बूट झटकूनच पाय आत. दिवे मालवले की अर्ध्या तासात नाल्यापलीकडून रातवा पक्षी सुरू होतो. फरशीवर गोटी टाकावी आणि ती टकटक करत, उड्या आखडत जावी, तसा आवाज. पूर्वी ओढ्याकाठी झोपूनही मी तो ऐकला नव्हता.

(येडशीचं नाव मीच घेतलं, कबूल. पण त्या डोहाचं लोकेशन इनबॉक्समध्ये मागू नका.)

जानेवारीत हुरड्याला जातोय. सहा जणांची जागा आहे. चटणी, दही, गूळ मित्राच्या घरचं, पांघरूण ज्याचं त्यानं आणायचं. स्पीकर आणणाऱ्याला म्हशींच्या गोठ्यात झोपवू, तशी बोली मित्राच्या वडिलांशी झालेली आहे.