विरळणी, वणवा आणि फिशरची वाट

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोहून सिएरा नेवाडाच्या डोंगरात चढत गेले की शेव्हर लेकच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना विरळणी झालेले, म्हणजे दाटी कमी करण्यासाठी काही झाडे काढलेले, जंगल लागते. तोडलेल्या बारीक झाडांचे ढीग, हिवाळ्यात पेटवायचे म्हणून वरून मेणकागदाने झाकलेले. ताज्या बुंध्यांवर मुळांची बुरशी पसरू नये म्हणून भुरभुरलेली पांढरी पूड. आणि उभ्या झाडांवर निशाणीचे रंगीत पट्टे. मागच्या सहलीत आमच्या मंडळींपैकी एकाने हे पाहून ‘ही तर सरळसरळ जंगलतोड’ असे म्हटले, दुसऱ्याने ‘नाही तोडले तर सगळेच जळेल’ असे उत्तर दिले, आणि डबे रिकामे होईपर्यंत वाद मिटला नाही. मला दोघांचेही म्हणणे अर्धवट वाटले. ते का, हे याच जंगलात राहणाऱ्या फिशर नावाच्या प्राण्याच्या निमित्ताने सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की आज दाट दिसणारे हे जंगल पूर्वापार एवढे दाट नव्हते. विजेमुळे लागणारी आणि मोनो, योकुट्स, मिवोक हे मूळ रहिवासी जाणूनबुजून लावत असलेली आग साधारण दहा-पंधरा वर्षांतून एकदा जमिनीलगत सरकत जाई. पालापाचोळा आणि कोवळी रोपे जळत, जाड सालीचे पाइन टिकत. 1850 च्या कॅलिफोर्नियातील एका कायद्याने अशी आग लावणे दंडनीय ठरवले, आणि 1935 पासून अमेरिकेच्या वनसेवेचे धोरणच असे झाले की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. त्यामुळे मोठ्या पाइनखाली फर आणि सीडर या झाडांची गर्दी वाढली आणि जमिनीवरच्या जाळाला शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळाली. 2012 ते 2016 च्या अवर्षणात आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या उपद्रवात राज्यभर सुमारे 12 कोटी 90 लाख झाडे वाळली. दक्षिण सिएराला त्याचा सर्वांत मोठा फटका बसला. सप्टेंबर 2020 मध्ये पेटलेल्या क्रीक फायरने सुमारे 3 लाख 80 हजार एकर क्षेत्र व्यापले.

या सगळ्यात अडकलेला प्राणी म्हणजे फिशर. नाव असे असले तरी तो मासे धरत नाही. मार्टेनच्या कुळातला, मांजराएवढा, लांबट आणि झुपकेदार शेपटीचा हा प्राणी आहे. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला असणारा नीलगिरी मार्टेन त्याचा लांबचा भाऊबंद. दक्षिण सिएरातले फिशर उत्तर कॅलिफोर्नियातल्या फिशरांपासून पूर्णपणे तुटलेले आहेत. त्यांची संख्या काही शेकड्यांपलीकडे नाही, आणि 2020 मध्ये या गटाला संकटग्रस्त म्हणून केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले. मादी मार्चअखेर ते एप्रिलमध्ये जुन्या ओकच्या किंवा पाइनच्या ढोलीत विते. ढोलीचे तोंड ती स्वतः कशीबशी आत शिरेल एवढेच असावे लागते, म्हणजे बॉबकॅट या रानमांजराला आत येता येत नाही. एरवीही विसाव्याचे झाड ती जवळजवळ रोज बदलते. त्यामुळे तिला एक चांगले झाड पुरत नाही. अशा अनेक झाडांना जोडणारी, माथ्यावर छत्र असलेली वाट लागते. उघड्यावर तिची गाठ पुमा किंवा बॉबकॅटशी पडते.

म्हणजे विरळणीने तिचे नुकसान होते, हे खरेच. छत्र पातळ होते, पडलेले ओंडके आणि झुडपे जातात, यंत्रांसाठी पाडलेल्या वाटांचा शिकारी प्राणी सर्रास उपयोग करतात. पण आग, अवर्षण आणि भुंगेरे यांनी होणारे नुकसान वेगळ्याच मापाचे आहे. 2011 ते 2020 या काळात दक्षिण सिएरातले सूचिपर्णी जंगल 30 टक्क्यांनी घटले, आणि मोठ्या वृक्षांच्या दाट जंगलापैकी 85 टक्के एक तर विरळ झाले किंवा जंगलच उरले नाही, असे 2023 च्या एका अभ्यासात दिसले. दुसरीकडे, 2013 च्या एका अभ्यासानुसार जिथे दरवर्षी सरासरी 2.6 टक्के क्षेत्रावरच विरळणीसारखे काम झाले होते, तिथे फिशरांचा नियमित वावर टिकून होता. वेग बेताचा असेल तर ते सोसतात, असा याचा अर्थ मी घेतो.

म्हणून माझा कौल विरळणीच्या बाजूने आहे. आक्षेप आहे तो ती कुठे आणि कशी होते याला. डोंगराचे माथे आणि दक्षिणेकडचे कोरडे उतार मुळातच जास्त जळत, तिथे झाडी मोकळी करावी. ओढ्याकाठी आणि उत्तर उतारांवर दाटी राखावी, म्हणजे फिशरची वाट ओढ्याओढ्याने अखंड राहते. ही मांडणी वनसेवेच्याच शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये केली आहे. पण 2020 मध्ये राज्य आणि वनसेवेने ठरवलेले उद्दिष्ट होते 2025 पर्यंत वर्षाला दहा लाख एकरांचे. उद्दिष्ट एकरांत असले की सपाट आणि रस्त्यालगतचे एकर आधी उरकले जाणार, आणि राखलेली दाटी पुढच्या दाटीला जोडली जाते का, हे कोणाच्याच हिशेबात येणार नाही, अशी मला धास्ती वाटते. विदर्भात वणवा पसरू नये म्हणून जंगलात आखलेल्या जाळरेषा फेब्रुवारीच्या आत साफ करतात, तिथेही रेषेची लांबी मोजणे सोपे असते. रेषेच्या दोन्ही बाजूंना काय राहते ते पाहायला वेळ लागतो.

शिवाय नुसती तोड करून भागत नाही. तोडलेल्या फांद्या तिथेच पडून राहिल्या तर जमिनीवरचे जळण उलट वाढते. त्यामागून नियंत्रित जाळ फिरवावाच लागतो. आणि इथे खरी अडचण येते: जाळायला वसंत ऋतू सोयीचा, पण ढोलीत पिले असल्यामुळे ज्ञात ढोल्यांच्या परिसरात 1 मार्च ते 30 जून काम बंद ठेवायचे असते. मग उरतो तिथल्या हिवाळी पावसाआधीचा थोडा शरद, आणि त्या दिवसांत धुराची परवानगी, मनुष्यबळ आणि वारा हे तिन्ही एकाच वेळी जुळावे लागतात. माझ्या मते वनखात्यांनी जास्तीचा पैसा यंत्रांवर घालण्यापेक्षा या शरदातल्या जाळासाठी बारमाही पथके ठेवण्यावर घालावा, आणि मोनो लोकांना त्यांच्या पद्धतीने ओकची राने जाळू द्यावीत. जुने काळे ओक त्यांच्यासाठी एकॉर्नचे, म्हणजे खायच्या ओकफळांचे, झाड आहे आणि फिशरसाठी ढोलीचे.

क्रीक फायरने सान होकीन नदीच्या दरीत फिशरच्या आधीच अरुंद पट्ट्यात मोठी पोकळी पाडली आहे. त्या जळिताच्या आतही काही ओढे हिरवे राहिले आहेत. एका ओढ्याजवळ मला झाडाला बांधलेला कॅमेरा आणि त्यासमोर मोज्यात लटकवलेले मांस दिसले होते, म्हणजे कोणीतरी फिशर शोधत होते. पुढची कंत्राटे देण्यापूर्वी असे सगळे हिरवे ओढे नकाशावर घेऊन त्यांच्यामधली अंतरे मोजली जावीत, एवढी माझी मागणी आहे.