पुण्यात दुपारचे बारा साडेबारानंतर वाजतात

या वर्षी १३ मे रोजी भर दुपारी मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, पोह्यांचा रिकामा स्टीलचा डबा उभा करून बसले होते. त्या दिवशी पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, म्हणून या दिवसाला शून्य सावली दिवस म्हणतात, हे मला वाचून ठाऊक होते. परंतु आयुष्यात एकदाही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. शेजारचा सातवीतला मुलगा सोबतीला होता. बारा वाजले तेव्हा डब्याच्या एका अंगाला बोटभर काळी पट्टी स्पष्ट दिसत होती. ती हळूहळू आत सरकत गेली, तिचा दोरा झाला, आणि मग तोही डब्याच्या बुडाखाली शिरला. डब्याच्या भोवती चहूबाजूंनी नुसते पांढरे ऊन होते. घड्याळात १२ वाजून ३१ मिनिटे झाली होती.

तो मुलगा म्हणाला, “काकू, सूर्य बारा वाजता डोक्यावर येतो ना? मग आज त्याला उशीर का झाला?”

उशीर सूर्याला झालेला नसतो. आपले घड्याळच पुढे असते, आणि ते आपण सर्वांनी मिळून ठरवून पुढे ठेवलेले आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, आणि पुणे त्या रेषेच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडे अधिक अंतरावर आहे. त्यामुळे मिर्झापूरच्या माथ्यावरून निघालेला मध्यान्ह, म्हणजे सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी येण्याचा क्षण, आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे ३५ मिनिटे घेतो. मुंबईला ३९ मिनिटे लागतात, तर नागपूरला जेमतेम १४. याचा अर्थ असा की मुंबई आणि नागपूर यांच्या खऱ्या दुपारींमध्ये २५ मिनिटांचे अंतर आहे, आणि तरीही दोन्हीकडच्या कचेऱ्यांमध्ये जेवणाची सुट्टी एकाच वेळी होते.

त्यातही हे ३५ मिनिटांचे अंतर वर्षभर कायम राहत नाही. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य कधी घड्याळाच्या पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुण्यातला मध्यान्ह १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास होतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला तो १२ वाजून ४९ मिनिटांपर्यंत लांबतो. ज्याला आपण बेधडक ‘दुपारचे बारा’ म्हणतो, त्या क्षणी पुण्यात सूर्य वर्षातल्या एकाही दिवशी माथ्यावर नसतो.

आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ हा पाठ आहे. मीही तो शिकले होते. ‘एका अंशाला ४ मिनिटे’ हे घोकून मी गणिते सोडवली, गुण मिळवले, आणि मैदानात काठी रोवून सावली पाहण्यासाठी आम्हाला कोणी वर्गाबाहेर नेले नाही. याची हळहळ मला आज खरोखर वाटते. फोनवर रोज ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ अशी डझनभर वाक्ये येतात. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो हे वाचून आपण क्षणभर थक्क होतो आणि पुढे सरकतो. शुक्रावर आपल्याला जाता येणार नाही. गच्चीवर मात्र जाता येते, आणि तितकेच चकित करणारे सत्य तिथे उन्हात उभे असते.

या वेळेसाठी आपल्याकडे भांडणेही झाली आहेत. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ लागू झाली, त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती आणि ती शहराच्या माथ्यावरच्या सूर्याशी जुळलेली होती. कलकत्त्याची वेळ वेगळी होती, आणि रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत असे. सरकारने मुंबईचे काटे ३९ मिनिटे पुढे करायला सांगितले तेव्हा शहरात मोठा असंतोष उसळला. फिरोजशहा मेहता यांच्यासारखे पुढारी विरोधात उभे राहिले, गिरणी कामगारांनीही निषेध केला. कामगारांचा राग मला अगदी जवळून समजतो. घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले आणि भोंगा मात्र घड्याळाच्या त्याच आकड्यावर वाजला, तर अंधारात आणखी ३९ मिनिटे आधी उठून चालू लागावे लागते. कागदावरचा बदल त्यांच्या झोपेतून वसूल होणार होता. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ पुढे दीर्घकाळ जपली आणि ती अखेर १९५५ मध्ये सोडली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, तर सगळ्या देशाचेच घड्याळ आणखी एक तास पुढे केलेले होते.

देशाला एकच वेळ असावी, हे माझे स्पष्ट मत आहे. गाड्यांचे वेळापत्रक, तार, पुढे आकाशवाणी, हे सारे गावोगावच्या मध्यान्हावर चालले नसते. परंतु सोयीसाठी केलेला करार म्हणजेच निसर्गनियम, अशी आपली समजूत होऊन बसली आहे, आणि ती मला मान्य नाही.

आपल्या आजी-पणज्यांची अशी समजूत नव्हती. त्यांचा दिवस सूर्योदयापासून मोजला जाई. दिवसरात्रीच्या ६० घटका, आणि एक घटका २४ मिनिटांची. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर ठेवायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त या घटिकापात्रावर साधत असत, आणि ‘घटका भरली’ हे आपण आजही बोलतो ते त्या बुडणाऱ्या वाटीवरूनच.

रामनवमीचेच पाहा. रामजन्म मध्यान्ही झाला असे आपण मानतो, आणि बहुतेक देवळांत घड्याळात बाराचा ठोका पडला की पाळणा हलतो, गुलाल उधळला जातो, सुंठवडा वाटला जातो. मात्र मुंबईत त्या सुमारास खरा मध्यान्ह व्हायला जवळजवळ बारा चाळीस होतात. पंचांग पाहून तेवढा वेळ थांबणारेही आहेत. थांबणाऱ्यांबद्दल मला विशेष आदर वाटतो, कारण ते आकाश आणि देव्हारा यांच्यातला धागा तुटू देत नाहीत.

महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथल्या प्रत्येक गावाला वर्षातून दोन शून्य सावली दिवस मिळतात. दिल्लीला एकही मिळत नाही. तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. आपला पहिला दिवस मे महिन्यात असतो, कोल्हापूरला ६ मेच्या सुमारास, मुंबईला १५ मे, नागपूरला २६ मे. दुसरा दिवस, पुण्यासाठी जुलैच्या अखेरीस, बहुधा ढगांनी झाकलेला असतो.

त्या मुलाने ‘१२.३१’ हा आकडा टाकीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला. मग त्याने नागपूरला मामेभावाला फोन करून २६ तारखेला गच्चीवर जायला सांगितले. मामेभावाने डब्याऐवजी उभा पाइप वापरला, असे तो मला फार अभिमानाने सांगत आला, आणि तिथली सावली १२ वाजून १० मिनिटांनी गेली. दोन्ही आकडे त्याने वहीत एकाखाली एक मांडले, २१ मिनिटे आली, त्यांना ४ ने भागले आणि सव्वापाच अंश आले. नंतर त्याने माझ्याकडचा जुना नकाशासंग्रह मागितला आणि आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर तो उघडला. पुणे ७४ च्या रेषेच्या जरा अलीकडे होते आणि नागपूर ७९ च्या जरा पलीकडे.